हसू नका, मामा

तिरुभुवनमच्या विणकर सोसायटीत साड्या तपासणारे एक गृहस्थ कुंभकोणमला आमच्या शेजारी राहत. मी त्यांना मामा म्हणायचो. साडी आधी ट्यूबलाइटखाली धरायची, मग दारात उन्हात न्यायची, ही त्यांची रीत. "उजेडागणिक रंग फिरतो रे, साडी तीच," असं म्हणून ते हसत. हसताना त्यांचे डोळे पार मिटून जात.

त्या वर्षी मद्रासच्या कॉलेजात मी कॉम्प्युटरला चेहरा ओळखायला शिकवत होतो. ऊन-सावली बदलली तरी त्याला कसंबसं जमायचं, पण माणूस हसला की चेहरा हातचा सुटायचा. सुट्टीत मी कॅमेरा आणला, मामांना ओट्यावर बसवलं आणि मोठ्या शहाणपणाने सांगितलं, "हसू नका, मामा. हसलात की तो तुम्हाला ओळखणार नाही."

"सरि, ठीक आहे," म्हणत त्यांनी ओठ मिटले. साडी धरावी तसा आपला चेहरा आधी सावलीत धरला, मग उन्हात. तासभर ते हसले नाहीत.

दोन वर्षांनी माझ्या प्रोग्रामला हसरा चेहराही सापडू लागला. पहिलं हसू मामांचंच टिपायचं म्हणून मी गावी आलो. ते ओट्यावर कुणाशी तरी बोलत खदखदून हसत होते. मला पाहिलं आणि ओठ मिटून ताठ बसले.

"मामा, कॅमेरा अजून पिशवीतच आहे. हसा की!"

त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. "हसलो तर तू ओळखशील ना रे?"