कापलेले एकवीस सेकंद

या सदरातले अनुभव मी कित्येक वर्षं वाचते आहे आणि खरं सांगायचं तर मनातल्या मनात हसते आहे. लोकांना एकटं राहून काहीबाही भास होतात, दुसरं काय... असं माझं मत होतं. मी लोणावळ्यातल्या एका शाळेत लिपिक आहे. रजिस्टरमध्ये असतं ते घडलं, नसतं ते घडलं नाही, इतकं साधं माझं डोकं. म्हणून हे लिहिताना माझं मलाच कसंतरी होतंय.

मी बेगडेवाडीत राहते. स्टेशनपासून चालत दहा मिनिटं, दोन खोल्या. लग्न केलं नाही. आई माझ्याजवळ असायची, ती चार वर्षांपूर्वी गेली. मोठा भाऊ, म्हणजे दादा, परंदवडीला आमच्या घरी. थोडी शेती आणि जवळच्याच कंपनीत नोकरी. आई गेली तेव्हा तो पाळीवर होता, फोन लॉकरमध्ये. तो पोचला तोवर आईला न्यायची तयारी झाली होती. मी दारातच, सगळ्या माणसांसमोर त्याला म्हणाले, "आता कशाला आलास?"

तो तसाच आत गेला. खांदा दिला, तेराव्यापर्यंत सगळं केलं आणि गेला. त्यानंतर आमचं बोलणं तुटलंच. भांडण असं नाही... पण फोन आधी कोणी करायचा, यातच दोन वर्षं गेली.

मग एकदा जानेवारीत त्यानेच केला.

"शकू, आईनं लावलेला बांधावरचा आंबा मोहरलाय. पयल्यांदाच. मला गुरुवारी सुट्टी असती. येती का बघायला?"

"गुरुवारी शाळा असते," मी म्हणाले. "बघते."

"बग," म्हणाला आणि फोन ठेवला.

मी गेले नाही. स्कॉलरशिपच्या फॉर्मांचं काम होतं, हे खरं. पण रजा मागितली असती तर मिळाली असती, हेही खरं. त्याच वर्षी श्रावणात शेतावरच छातीत कळ आली आणि दादा गेला. दवाखान्यात नेईपर्यंतही थांबला नाही.

त्याच्या वर्षश्राद्धाच्या आधी वहिनी माझ्याकडे आल्या. पिशवीतून त्यांनी दादाचा जुना डिजिटल कॅमेरा काढला. नोकरीला पंचवीस वर्षं झाली म्हणून त्याला कंपनीतून मिळाला होता.

"वन्सं, ह्यात त्यांचा आवाज हाय," वहिनी म्हणाल्या. "माज्या फोनवर घालून द्या. एकाला दाखवलं, तर तो म्हनला लय मोठ्या फायली हायत, जात न्हाईत."

हे काम मला येतं. शाळेच्या गॅदरिंगचे व्हिडिओ मीच कापून, लहान करून पालकांच्या ग्रुपवर टाकते. सोपं असतं. क्लिप उघडायची, जिथून हवी तिथून सुरुवात धरायची, नको तिथे शेवट कापायचा, साइज कमी करायचा आणि वेगळ्या नावाने सेव्ह करायचं. मूळ फाईलला धक्का लागत नाही.

रविवारी दुपारी जेवून बसले. कार्डवर नऊ क्लिप होत्या. विहीर, बैल, अंगणात धुणं वाळत घालणाऱ्या वहिनी आणि त्यांचं "बंद करा ते" असं लाजणं. दादा कशातच दिसत नव्हता, कॅमेरा त्याच्याच हातात. फक्त आवाज. दोन वर्षं मी जो आवाज टाळला, तो हेडफोन लावून ऐकत बसले होते.

नववी क्लिप आंब्याची होती. फाईलची तारीख पाहिली. त्याच्या फोननंतरचा तोच गुरुवार.

एक मिनिट चौतीस सेकंद. दादा मोहर जवळून दाखवतोय, "ह्यो बगा, खालपासून वरपर्यंत" असं कोणाला तरी सांगतोय. मग त्याने कॅमेरा चालूच ठेवून बांधावर ठेवून दिलेला दिसतो. शेवटचे एकवीस सेकंद नुसतं खोड, वाळलेलं गवत आणि वारा. मी ते कापले, साइज कमी केला, सेव्ह केलं. उघडून बघितलं तर वेळ पुन्हा एक चौतीस.

काहीतरी चुकलं असेल म्हणून परत कापलं. परत तेच. बाकी आठ क्लिप नीट झाल्या होत्या. तिसऱ्यांदा कापली, आणि या वेळी न थांबवता शेवटपर्यंत चालू दिली.

खोड. गवत. मग गवतातून पावलांचा आवाज. डावीकडून एक बाई आली, कॅमेऱ्याकडे पाठ. फिकट जांभळी साडी, उजव्या खांद्याला पर्स आणि तिचा पट्टा डाव्या हाताने वर उचलून धरलेला. माझा उजवा खांदा दुखतो, म्हणून मी पट्टा असाच धरते. स्वतःला पाठमोरं आपण कधी बघत नाही, पण ओळखायला क्षणभरही लागला नाही.

"आलीस व्हय?" दादाचा आवाज. "ये, हितं सावलीला बस."

ती बसली. मान खाली घालून काहीतरी बोलली, चांगली तीन-चार वाक्यं. पण नेमका वारा माइकवर आला आणि नुसती घरघर ऐकू आली. वारा थांबला तेव्हा दादा बोलत होता. "ऱ्हाऊ दे गं आता ते. मी कवाच सोडून दिलंय."

क्लिप संपली.

मी हेडफोन काढले. बाहेर लख्ख ऊन होतं, पुण्याकडची गाडी निघून गेल्याचा आवाज आला. कोणाला तरी हाक मारावी असं वाटलं, आणि लक्षात आलं की हाक मारावी असं आता कोणी नाही.

मग मूळ क्लिप लावली. शेवटचे एकवीस सेकंद – खोड, गवत, वारा. बाई नाही, आवाज नाही. लहान केलेली पुन्हा उघडली, तर ती आता एक मिनिट तेरा सेकंदांची होती. मी कापली होती, बरोबर तेवढीच.

सोमवारी शाळेत गेल्यावर आधी जुनं मस्टर काढलं. त्या गुरुवारी माझी सही आहे. जावक रजिस्टरमध्ये माझ्या अक्षरात पाच पत्रांची नोंद आहे. आमच्या कॉम्प्युटरच्या सरांना विचारलं, फक्त कापण्याबद्दल. ते म्हणाले, "मॅडम, कट कधी नीट बसत नाही, सेकंदभर जास्त राहतं. पण एकवीस सेकंद... नाही हो."

पुढच्या रविवारी परंदवडीला जाऊन वहिनींच्या फोनवर नऊच्या नऊ क्लिप घातल्या. आंब्याची लावून दाखवली. ती एक तेरालाच संपली. मी जमेल तितक्या सहज विचारलं, "वहिनी, या दिवशी दादाबरोबर शेतावर कोणी होतं का हो?"

त्यांनी माझ्याकडे जरा विचित्रच बघितलं.

"तुमीच व्हता की."

मी फोन त्यांच्या हातात दिला.

"घरी येऊन त्यांनीच सांगितलं. म्हनले, शकू आलती, आंबा बगून गेली. लय खुशीत व्हते. रात्री दोन भाकरी जास्त खाल्ल्या." त्या थांबल्या. "मला मातर वाईट वाटलं, वन्सं. तुमी शेतापातूर आला आन् घरी पानी प्यायला बी न्हाई आला. बोलले न्हाई कवा, आज इचारलं म्हनून बोलले."

मी आले नव्हते, असं सांगायला तोंड उघडलं होतं. पण त्या फोनवर पुन्हा त्याचा आवाज लावून बसल्या होत्या. मी म्हणाले, "उशीर झाला होता वहिनी. चुकलंच माझं."

मूळ क्लिप आणि ती कापलेली, दोन्ही माझ्याकडे आहेत. शंभर वेळा बघितल्या असतील. परत कधीच काही दिसलं नाही. भास म्हणावा, तर दादाला त्या दुपारी, मी ही क्लिप बघायच्या दीड वर्ष आधी, तोच भास कसा झाला? याचं उत्तर माझ्याकडे नाही, तुमच्यापैकी कोणाकडे असेल असंही वाटत नाही.

त्याची माझी भेट झाली, एवढं समाधान घेऊन तो गेला. माझी मात्र त्याच्याशी भेट राहूनच गेली. आणि त्या वाऱ्यात मी त्याला काय म्हणाले, ते मला अजून माहीत नाही.