धुतलेल्या कोर्टावरची परीक्षा

शेवग्याची पानं निम्मी ओढून झाली होती, निम्म्या डहाळ्या अजून सुपात होत्या, एवढ्यात ओनोफ्रे फाटकाशी येऊन उभा राहिला. चॅपलमधली रविवारची मिस्सा आटोपून मी नुकतीच घरी आले होते.

"मारे पुरिंग, बर्फ आहे का गं?"

"किती हवाय?"

"असेल तेवढा दे."

कुणासाठी, हे मी विचारलं नाही. फ्रीजमधल्या दोन्ही पिशव्या त्याच्या हातात दिल्या. उजवा पाय ओढत तो झपाझप गेला. पानं तशीच टाकून मीही मागून गेले. आता परत आले आहे ती ही वही घेऊनच बसले आहे. देवापुढे सांगून झालं, पण कागदावरही जसं घडलं तसं उतरावं असं वाटतं, कारण यात माझंही एक वाक्य आहे.

ओनोफ्रे आमच्या गावात ट्रायसिकल, म्हणजे मोटारसायकलला जोडलेली भाड्याची गाडी, चालवतो. वय सत्तेचाळीस. त्याच्या रोडेलच्या बाप्तिस्म्याला मी धर्ममाता होते, म्हणून तो मला मारे म्हणतो आणि मी त्याला पारे; रोडेल मला निनांग म्हणतो. पण गाव त्याला ओळखतं ते बुटांमुळे. बास्केटबॉलचे स्वस्त बूट घ्यायचे तर आधी ओनोफ्रेला दाखवायचे, अशी इथे रीतच पडली आहे. महागाच्या बुटांशी त्याला देणंघेणं नाही. बाजारात ढिगाने येतात, ज्यांचं नाव कुणी ऐकलेलं नसतं, तेच बूट घेऊन लोक त्याच्याकडे येतात.

आधी तो बुटात नाक घालतो. गोंदाचा वास उग्र आला की म्हणतो, "हा पावसाळ्याच्या आत तोंड उघडणार." मग अंगठ्याने टाच दाबतो. मग ओलं फडकं पिळावं तसा दोन्ही हातांनी बूट पिळतो. मधोमध पिळला गेला की परत डब्यात. वाकायचं तर बोटांपाशी वाकावं, दुसरीकडे नाही. एवढं पार पडलं की पायात घालून गावच्या कोर्टावर चॅपलच्या बाजूच्या रिंगखालून तिरका धावत सुटतो आणि समोरच्या डाव्या कोपऱ्यात जाऊन एकदम थांबतो. बूट थांबला की सरकला, आतला पाय कडेवरून बाहेर सांडला का, हे बघतो. थांबतानाचा आवाजही ऐकतो. लंगडत धावताना तो विचित्र दिसतो, पण कुणी हसत नाही.

कारण त्याचा गुडघा गेला तो त्याच कोपऱ्यात. एकवीस वर्षांचा होता. कबानातुआन शहरातल्या कॉलेजने त्याला संघासाठी बघायला बोलावलं होतं, त्याला चारच दिवस उरले होते. कोर्टावर वाळत घातलेलं भात तासाभरापूर्वीच उचललेलं आणि पायात कोरे स्वस्त बूट. मी तेव्हा नवी नवरी, बाकावर बसून शेंगदाणे खात होते. त्याचा पाय पुढे गेला आणि गुडघा मागेच राहिला. तो आवाज मी ऐकलाय. तो कॉलेजात काही गेला नाही.

तेव्हापासून त्याचा एकच नियम होता. बूट बघायचा तो भाताच्या धुळीत. आमचं कोर्ट वर्षातले चार महिने खळंच असतं. भात उचललं, झाडून घेतलं, तरी तुसाची पूड सिमेंटवर राहतेच. "धुतलेल्या कोर्टावर कुठलाही बूट शहाणाच वाटतो," असं तो म्हणायचा.

आणि मागच्या रविवारी मी त्याला धुतलेल्या कोर्टावर धावायला लावलं.

शेतकऱ्यांचा संत सान इसिद्रो, त्याच्या सणाची मोठी मिस्सा कोर्टावर होणार होती, म्हणून आम्ही बायकांनी आदल्या दिवशी साबण आणि नारळाच्या काथ्याने ते घासून काढलं होतं. मिस्सा झाली, नूडल्सच्या ताटल्या फिरल्या, तेवढ्यात संघाचं सगळं बघणारा वॉर्डाचा सभासद सेव्हेरो पांढरा डबा घेऊन आला. अंतिम सामना पुढच्या शनिवारी, बारा जोड घ्यायचे होते, ओनोफ्रेने हो म्हणायचं बाकी होतं.

ओनोफ्रेने वास घेतला, टाच दाबली, बूट पिळला. तोंडाने काही बोलला नाही, म्हणजे आवडला होता.

"धुळीत बघतो मंगळवारी," तो म्हणाला.

"मंगळवारी?" सेव्हेरो ओरडला. "अरे, बूट आहे हा, सून नाही पारखायची! दुकानदाराला उद्या सांगायचंय."

रोडेल शेजारीच उभा होता. चोवीस वर्षांचा, संघाचा कप्तान. जहाजावर इंजिनखोलीत लागल्याचं पत्र त्याला त्याच आठवड्यात आलं होतं. सामन्यानंतरच्या सोमवारी मनिलाला वैद्यकीय तपासणी, ती पार पडली की सही. तिथे उठाबशा काढायला लावतात, एका पायावर उभं करतात, गुडघे हाताने दाबून बघतात. पत्र आल्यापासून ओनोफ्रे खिशात ते पत्र घेऊन फिरत होता.

"ताताय, एकदा तरी सगळ्यांच्या पायांत एकसारखे बूट येऊ देत ना," रोडेल बापाला म्हणाला. "मागच्या वर्षी एकाचा लाल, एकाचा हिरवा. पोपटांची शाळा भरली होती नुसती."

तेव्हा मी बोलले. "पारे, आजच बघून टाक की. कोर्ट कसं लख्ख आहे. उद्यापासून कांदिदाचं भात पसरणार, मग कोरे बूट मळवत बसशील."

त्याने माझ्याकडे बघितलं, मग रोडेलकडे. नाड्या बांधल्या आणि धावला. डाव्या कोपऱ्यात थांबला तेव्हा 'चीं' असा खणखणीत आवाज आला. कबुतरं उडाली.

"पकडतो," तो म्हणाला. "घ्या."

सोमवारपासून कांदिदाचं भात पसरलं. शुक्रवारी दुपारी चॅपलमध्ये फुलं ठेवायला मी कोर्टाच्या कडेने जात होते. माझी चप्पल सर्रकन पुढे गेली. कठड्याला धरलं म्हणून पडले नाही. सिमेंटवर पिठासारखी पूड होती. फुलं ठेवली आणि तडक ट्रायसिकलच्या थांब्यावर गेले.

"पारे, त्या दिवशी कोर्ट धुतलेलं होतं."

गिऱ्हाईक बसलं होतं त्याला त्याने उतरवलं.

रोडेलच्या नि त्याच्या पायाचं माप एकच. पाचच्या सुमाराला तो रोडेलचे नवे बूट घेऊन आला. भात दाताळ्याने बाजूला ओढलेलं होतं. तो धावला. डाव्या कोपऱ्यात थांबायला गेला आणि आवाजच आला नाही. हातभर सरकत जाऊन खांबाला आपटला. खाली बसूनच त्याने बूट काढला आणि तळ माझ्यासमोर धरला. बोटांच्या ठशासारख्या बारीक खाचा होत्या आणि सगळ्या पुडीने बुजलेल्या. तळहाताने घासून साफ केल्या, दोन पावलं टाकली, पुन्हा बुजल्या.

"मारे, ही साबणाची वडी आहे," तो म्हणाला.

रोडेलला त्याने घरी जाऊन सांगितलं. मी दारातच होते.

"उद्या हे घालू नकोस."

"तुम्हीच म्हणालात ना, पकडतो?"

"चुकलो मी."

"मग काय अनवाणी खेळू? जुन्यांचा तळ सुटला म्हणून तुम्हीच फेकलेत ते." रोडेल हसला. "आणि बाकीच्या अकरा जणांना काय सांगू? माझ्या बापाने मला एकट्यालाच काढायला लावले?"

"खेळूच नकोस. सोमवार आहे तुझा."

"कप्तान आहे मी, ताताय."

ओनोफ्रे सेव्हेरोकडे गेला. सेव्हेरो म्हणाला, "माइकवरून सांगून झालंय, ओनोफ्रेने पास केलेले बूट म्हणून. आता काय सांगू, ओनोफ्रेनेच नापास केले? उद्या बायकांकडून कोर्ट धुऊन घेऊ, झालं."

शनिवारी सकाळपासून आभाळ भरून होतं. कांदिदाचं भात वाळेना. दुसऱ्याच्या वाळत्या भाताला इथे कुणी हात लावत नाही, सान इसिद्रोच्या आठवड्यात तर नाहीच. तिने ते उचललं तेव्हा अडीच वाजून गेले होते. आम्ही सातजणी झाडू, बादल्या, ओली पोती घेऊन चॅपलच्या बाजूने सुरू झालो. तीनला कर्ण्यावरून प्रार्थना लागली. आम्ही होतो तिथे थांबलो, झाडू उभे धरले, डोळे मिटले. डोळे उघडले तोवर पाहुण्यांचा संघ गाडीतून उतरून कोर्टावर चेंडू आपटत होता.

डावा कोपरा राहिला होता.

ओनोफ्रेला सांगितलं तर तो स्वतः ओलं पोतं घेऊन गेला, दुखऱ्या गुडघ्यावर बसून कोपरा पुसायला लागला. लोक बघत होते. कुणीतरी ओरडलं, "ओनोफ्रे, आमचीही लादी पुसून दे रे!" हशा झाला. पंचाने शिट्टी मारून त्याला बाहेर काढलं, तोवर अर्धा झाला होता.

मग कडेला ओलं फडकं टाकून तो उभा राहिला. खेळ थांबला की ओरडायचा, "रोडेल, तळ पूस!" पहिल्या चार-पाच वेळा रोडेलने पुसले. पुढे लोक हसायला लागले तसं त्याने मान फिरवली.

दुसऱ्या डावात रोडेल चेंडू घेऊन तिरका आला. त्या वेळी माझ्या ओठांवर जपमाळेचा तिसरा मणी होता. मी आवाजाची वाट बघत होते. आवाज आला नाही.

तो पडला आणि लगेच उठलाही. अंगठा वर करून हसला, शेवटपर्यंत खेळला. आम्ही तीन गुणांनी जिंकलो. बँड वाजला, सेव्हेरोने रोडेलला खांद्यावर घ्यायचा प्रयत्न केला. ओनोफ्रेने टाळी वाजवली नाही. तो गुणांच्या फळीकडे बघतच नव्हता.

"काही नाही झालं, निनांग," संध्याकाळी रोडेल मला म्हणाला. पण चॅपलच्या तीन पायऱ्या चढताना त्याने कठडा धरला.

आज बर्फाच्या मागोमाग गेले तेव्हा रोडेल खाटेवर पाय लांब करून होता. गुडघ्याची वाटी दिसत नव्हती, सगळा गोल झाला होता. ओनोफ्रे शेजारी बसून तो अंगठ्याने दाबून बघत होता, बुटाची टाच बघतो तसाच. अंगठा काढला तरी खड्डा राहत होता.

"उद्या सकाळपर्यंत उतरेल ना, निनांग?" रोडेलने विचारलं.

मी म्हटलं, देव आहे.

"वाकव," ओनोफ्रे म्हणाला.

रोडेलने वाकवला. निम्मा वाकला.

"अजून."

रोडेलचं तोंड पांढरं पडलं, पण गुडघा त्यापुढे वाकला नाही. मनिलाची बस पहाटे चारला सुटते. त्याची पिशवी भरून दाराशी ठेवलेली होती, वर पत्र होतं. नवे बूट खाटेखाली होते, नाड्या न सोडता तसेच काढलेले.

माझ्या दोन्ही पिशव्यांचं पाणी झालं होतं. ओनोफ्रेने ते केळीच्या बुंध्याशी ओतलं, पिशव्या झटकून घडी करून खिशात घातल्या आणि खिळ्यावरची किल्ली घेतली. "मारे, तू बस जरा त्याच्यापाशी," म्हणाला, आणि ट्रायसिकल काढून बाजारात बर्फाची लादी आणायला गेला.