काकांची पाठमोरी धडं

आमच्या लेकीच्या पाठीचा ब्रेस ज्यांनी केला, त्यांना इस्पितळात सगळे साचेवाले काका म्हणतात. खरं नाव दारावरच्या पाटीवर आहे, पण पाटीवर प्लास्टरचा इतका थर बसलाय की ते वाचता येत नाही आणि त्यावाचून कुणाचं अडतही नाही.

त्यांची खोली तळमजल्यावर, कपडे धुण्याच्या खोलीला लागून. पहिल्यांदा गेले तेव्हा मी दारातच थबकले. फळ्यांवर पांढरी धडं उभी होती. डोकं नाही, हात नाहीत, काखेपासून मांडीपर्यंतच माणूस. कुणाच्या बरगड्या एका अंगाला फुगलेल्या, कुणाचं कमरेचं हाड एकीकडून वर चढलेलं. आणि सगळ्यांनी आमच्याकडे पाठ केलेली.

"हे सगळे रुसलेत का?" लेकीनं विचारलं.

"मीच उभं केलंय तसं," काका म्हणाले. "समोरून बघितलं की माणूस आठवतो, मग कानस चालवताना हात अडतो. पाठ दिसली की नुसतं काम दिसतं."

लेकीला घरात शेंग म्हणतात. लहानपणापासून काटकुळी, म्हणून तिच्या बाबांनी ठेवलेलं नाव. तिच्या स्कर्टची कड एका बाजूनं वर जायला लागली, तेव्हा मी दोनदा शिंप्याशी भांडून आले. तिसऱ्यांदा तोच म्हणाला, "ताई, कापड सरळ आहे हो. पोरगी एकदा डॉक्टरला दाखवा." तेव्हापासून मी तिला शेंग म्हणणं बंद केलं. तिनं मात्र चालूच ठेवलंय. म्हणते, "आता तर नाव खरं ठरलं की!"

डॉक्टरांनी सांगितलं ते मला अर्धंच कळलं. मणक्यांची रांग बाजूला कलते, एवढं समजलं. पण कलता कलता प्रत्येक मणका स्वतःभोवती थोडा वळतोही. बरगड्या मणक्यांनाच जोडलेल्या, त्यामुळे त्याही सोबत फिरतात आणि पाठीवर एका बाजूला उंचवटा येतो. शेंगचा वाढीचा काळ अजून सरलेला नव्हता. हाडं वाढायची थांबेपर्यंत हा बाक वाढू द्यायचा नाही. वाढलाच, तर पाठ उघडून सळ्या बसवायच्या. बाकीचं सगळं मी विसरले, सळ्या तेवढ्या लक्षात राहिल्या.

काका आधी कापडदुकानांचे पुतळे करायचे. वडिलांचाच धंदा. एक साचा पुरुषाचा, एक बाईचा, आणि दोन्ही अगदी सरळ. पुढे दुकानांतून प्लास्टिकचे तयार पुतळे आले, मग काका इस्पितळात लागले.

"पहिल्या महिन्यात यांनी काय केलं माहितीये?" काकू म्हणाल्या. त्या तिथेच शिवणयंत्रावर ब्रेसचे पट्टे शिवतात. "धड वाकडं दिसलं की घास, धड वाकडं दिसलं की घास. सगळी पोरं दुकानातल्या पुतळ्यासारखी सरळ करून टाकली! ब्रेस एकालाही बसेना."

"सवय होती," काका ओशाळून म्हणाले. "सरळ माणूस मी दुकानाबाहेर अजून बघितलेला नाही."

मग त्यांनी शेंगला उभं केलं, वरची दांडी धरायला लावली आणि घट्ट बनियनवरून ओल्या प्लास्टरच्या पट्ट्या गुंडाळायला घेतल्या. सुरुवात कमरेपासून. दोन्ही हातांनी कमरेच्या हाडांच्या कडा चाचपत म्हणाले, "हा पाया. हा पक्का धरल्याशिवाय वरचं काही ढकलता येत नाही." मग बोटं वर सरकली. "या खालच्या दोन बरगड्या पुढे कशालाच जोडलेल्या नसतात. यांच्यावर जोर द्यायचा नाही."

"आमच्या दादासारख्या," शेंग म्हणाली. "तो पण कशालाच जोडलेला नाहीये."

काकूंचं शिवणयंत्र हसण्यानं थांबलं.

पुढची रीत काकांनी समजावली. वाळलेल्या कवचात प्लास्टर ओतून पोरीचं धड करायचं. ब्रेस त्या धडावरच घडतो. जिथे उंचवटा असेल तिथे ते घासायचं, म्हणजे ब्रेस तिथे दाबेल. त्याच्या विरुद्ध बाजूला प्लास्टर चढवायचं, म्हणजे तिथे पोकळी राहील आणि शरीराला सरकायला जागा मिळेल. इकडून दाबायचं, तिकडे जागा ठेवायची. ऐकायला सोपं वाटलं.

ब्रेस आला. शेंगनं काही कुरकुर न करता घातला आणि काही दिवसांनी म्हणाली, "आई, हा चुकीच्या बाजूला दाबतोय."

"नवा आहे, बोचणारच."

"बोचण्याचं नाही म्हणत गं. भिंतीला टेकून बसले की माझी उजवी बाजू आधी लागते. आणि हा दाबतो डावीकडे."

मी एक्स-रेची फिल्म खिडकीच्या काचेला लावून बघितली. मणक्यांचा बाक स्पष्ट डावीकडे. ब्रेसही डावीकडेच दाबत होता. तिचे बाबा म्हणाले, "फिल्म काय खोटं बोलते? तिला घालायचा नाहीये, एवढंच आहे." मग मी तिच्या पाठीवर हात ठेवला. उजव्या खांद्यामागचं पाखं वर आलेलं लागलं. परत फिल्म बघितली: डावीकडे. तिला आरशासमोर उभं केलं, तर आणखीनच घोटाळा झाला. मी तिच्या मागे उभी राहिले, पुढे उभी राहिले, तिच्या जागी स्वतःला उभं केलं, आणि शेवटी जेवते तो हात कोणता, तेही आठवून बघितलं. कॉलेज शिकलेली बाई मी, आणि डावं-उजवं कळेना. सकाळी उठून तिला आणि फिल्मला घेऊन काकांकडे गेले.

काकांनी शेंगला पुढे वाकायला लावलं आणि मागून बघितलं. उजव्या बाजूला बरगड्यांचा उंचवटा होता, बारीकच, पण होता. मग त्यांनी फिल्म हातात घेतली. कितीतरी वेळ बघत राहिले आणि ती उलटी केली. बाक उजवीकडे गेला.

"असं कसं?" मी विचारलं. "दोन्ही बाजूंनी खरी?"

एक्स-रेवाल्यांना विचारलं, तेव्हा कळलं. छातीची फिल्म लावतात ती माणूस समोर उभा आहे असं धरून. त्याची डावी आपल्या उजवीकडे येते. मणक्याचे डॉक्टर मात्र ती पाठीकडून बघितल्यासारखी लावतात, म्हणजे डावी डावीकडेच राहते. काकांकडे फिल्म नेहमी मणक्याच्या डॉक्टरांनी लावून दिलेली यायची. काका ती पाठमोऱ्या धडाशेजारी टांगायचे आणि निळ्या पेन्सिलीनं खुणा जशाच्या तशा उतरवायचे. या वेळी डॉक्टर रजेवर होते. फिल्म एक्स-रेच्या खोलीतून थेट आली, छातीच्या फिल्मसारखी लावून. कोपऱ्यात उजव्या बाजूची नखाएवढी खूण असते, पण ती बघायची वेळ काकांवर कधी आलीच नव्हती.

"हाताला उंचवटा उजवीकडे लागला होता," ते म्हणाले. "मला वाटलं, दांडी धरून पोर तिरकी उभी राहिली असेल. मी फिल्मचं ऐकलं."

मला ओरडायचं होतं. पण मीही तर तेच केलं होतं.

"बाक वाढला असेल का?" एवढंच विचारलं.

"मला नाही सांगता येणार ताई."

रजेवरून आलेले डॉक्टर म्हणाले, "फार दिवस घातलेला नाही, बहुधा काही झालेलं नसेल." त्या 'बहुधा'वर मी कितीतरी दिवस लटकून होते. तिचे बाबा म्हणाले, दुसरीकडे जाऊ, तिथे यंत्र अंगाचं माप घेतं, माणसाचा हात लागत नाही. मला ते पटायचं. तासाभरानं पटायचं नाही. यंत्राला फिल्म कोण दाखवणार? कोणत्या बाजूनं?

"मी काकांकडेच जाणार," शेंग म्हणाली. "त्यांच्याकडून चूक झाली ना? आता ते चौघांपेक्षा जास्त बघतील. यंत्राला कुठे लाज वाटते?"

हा युक्तिवाद बरोबर की चूक, मला अजून ठरवता आलेलं नाही. आम्ही काकांकडेच गेलो.

यावेळी त्यांनी खुणा फिल्मवरून केल्या नाहीत. शेंगला वाकवून, तिला विचारत, तिच्या बनियनवरच पेन्सिल टेकवली. "इथे? का जरा खाली?" फिल्म नंतर बघितली, डॉक्टरांना खाली बोलावून त्यांच्यादेखत. काकू म्हणाल्या, "लग्नात सप्तपदीला उजवा पाय पुढे टाका म्हटलं, तर यांनी डावा टाकला होता. तेव्हाच ओळखायला हवं होतं मी." काका एरवी हसले असते. त्या दिवशी हसले नाहीत.

नव्या ब्रेससकट फिल्म काढायची होती, त्या दिवशी काका काम सोडून एक्स-रेच्या खोलीबाहेर येऊन थांबले. त्यांना तळमजला सोडून वर आलेलं मी पहिल्यांदाच बघितलं. उन्हात त्यांच्या भुवयांवरचं प्लास्टर दिसत होतं. डॉक्टर म्हणाले, बाक ब्रेसमध्ये कमी दिसतोय. पहिल्या फिल्मपेक्षाही कमी. मी धावत बाहेर आले.

"कमी झालाय!"

"कोणत्या बाजूनं बघितली त्यांनी?"

मी परत आत गेले, विचारून आले. पाठीकडून. खूण बघून. तरी काकांचं समाधान होईना. त्यांनी शेंगला जवळ बोलावलं, ब्रेसच्या पोकळीत दोन बोटं घातली आणि म्हणाले, "मोठा श्वास घे बाळा." तिनं घेतला. काकांनी डोळे मिटले. "घे आणखी एक." मग त्यांनी बोटं काढली आणि मला म्हणाले, "तुम्ही घाला."

मी हात आत घातला. आधी नुसती हवा. मग शेंगनं श्वास घेतला, आणि तिच्या बरगड्या हळूहळू माझ्या बोटांना येऊन टेकल्या.

"ही डावी बाजू ना?" मी विचारलं.

"हो गं आई. डावीच."