टोकापलीकडचे खडक

त्रेपन्न-चोपन्न सालची गोष्ट असेल. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात मी आणि सुमन अंधेरीहून वेसाव्याला गेलो आणि तरीच्या होडीनं खाडी ओलांडून मढला उतरलो. ओहोटीला खडकांवरून सबंध टोकाला वळसा घालून पुन्हा तरीपाशी येता येतं, असं कुणीतरी सांगितलं होतं.

ऐन टोकावर शेवाळलेल्या खडकांपाशी सुमन अडली. पाणी चढू लागलं होतं.

"परत फिरू या," मी म्हणालो.

तेवढ्यात मागून एक बाई आल्या. पन्नाशीच्या, नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली, चपला हातात. खडक आधी अंगठ्यानं चाचपायचा आणि मगच पाय टाकायचा, अशी त्यांची चाल.

"आमचे हे दरवेळी इथूनच मागे फिरायचे," त्या सुमनला म्हणाल्या. "म्हणायचे, पुढचे खडक वाईट आहेत. ते गेले, मग मी एकटीच यायला लागले. ये, हात दे."

सुमननं हात दिला. मी मुकाट मागून निघालो. लाटांनी आम्ही कमरेपर्यंत भिजलो.

"पहिल्यांदा आलात तेव्हा काय दिसलं हो इथं?" सुमननं विचारलं.

"काही नाही गं, असेच खडक." त्या हसल्या. "पण आता मला ठाऊक आहे ना!"

तरीपाशी त्यांनी पायांची वाळू झटकली, चपला घातल्या, पदर सारखा केला आणि माणसांत मिसळून गेल्या. नाव विचारायचं राहूनच गेलं.

होडीत सुमननं ओल्या निऱ्या पिळल्या. मग म्हणाली, "पुढच्या वेळी उलट्या बाजूनं जाऊ."

तेव्हापासून कुठूनही मागे फिरायचं झालं, की मी आधी तिला विचारतो.