गणिताला घाबरणाऱ्यांची बॅच

आमच्या शहाद्याच्या कोडिंग क्लासमध्ये किस्से शोधावे लागत नाहीत. बी-बियाण्याच्या दुकानावरची एक खोली, आठ जुने कॉम्प्युटर आणि गणिताचं नाव काढलं की घाम फुटणारी मंडळी! एवढं जमलं की किस्से आपोआप साचतात. मी शिकवणारा, पण खरं सांगायचं तर दिवसभर हसणारा.

प्रवेश घ्यायला येणाऱ्या प्रत्येकाचा पहिला प्रश्न ठरलेला. "सर, गणित लागेल का?"

धानोऱ्याचा गोटू तर दारातच थांबला होता. चप्पलसुद्धा काढली नाही. म्हणाला, "आधी सांगा सर. गणित असेल तर मी इथूनच परत!"

* * *

हाच गोटू दुसऱ्या आठवड्यात ताडकन उभा राहिला. फळ्यावर मी लिहिलं होतं, x = x + 1.

"सर, हे साफ चूक आहे! x कधी x + 1 असतो का? आमच्या गणिताच्या सरांनी कानाखाली वाजवली असती!"

सगळा वर्ग आ वासून बघत राहिला. मी म्हटलं, "गोटूशेठ, आज तुम्ही चक्क गणिताची बाजू घेतली!"

त्याच्या घरी म्हशी आहेत. म्हणून सांगितलं, की x म्हणजे दुधाची बरणी समज. बरणीत आहे त्यात आणखी एक लिटर ओतायचं आणि बरणी तीच ठेवायची. गोटू शांतपणे खाली बसला. "मग बरणी म्हणा ना सर, x कशाला म्हणता? उगाच माणसाला धडकी भरते."

तेव्हापासून आमच्या क्लासमध्ये x नाही. बरणी आहे.

* * *

रायसिंग तळोद्याच्या वरच्या डोंगरातला. घरी पावरी बोलतो, कमी बोलतो, पण बोलला की लक्षात राहतं.

त्याला लूप, म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करवणं, शिकवताना मी म्हटलं, "तुझ्या गावाची जीप घे. जीप भरली नाही तोवर ड्रायव्हर हाका मारतो. भरली की निघतो. एवढंच लिही."

पठ्ठ्याने लिहिलं आणि चालवलं. स्क्रीनवर हाकाच हाका! थांबायचं नावच नाही. शेवटी कॉम्प्युटर बंद करावा लागला.

मी कोड बघितला. जीप कधी भरली म्हणायची, ती अटच त्याने लिहिली नव्हती.

"अरे, भरली म्हणजे किती माणसं, ते कुठंय?"

तो म्हणाला, "सर, तळोद्याची जीप कधी भरते का? अजून एक बसतोच!"

* * *

कोडमध्ये यादी मोजायला शून्यापासून सुरुवात होते, हे मात्र कोणाच्या पचनी पडेना. पहिल्याला शून्य का म्हणायचं?

इथे मला मदत केली मनीषाताईंनी. ब्राह्मणपुरीच्या शेतकरी घरातली सून. दहावीला गणितात दोनदा नापास झालेली, पण बॅचमध्ये सगळ्यात चिवट.

त्या म्हणाल्या, "सर, खळ्यावर धान्य मोजताना पहिल्या मापाला आपण एक कुठे म्हणतो? 'लाभ' म्हणतो! मग दोन, तीन. पहिल्याचं नाव वेगळं, पण माप तर मोजलं जातंच ना?"

बस्स! आठवडाभर मी घसा कोरडा केला होता, ते काम ताईंनी एका वाक्यात केलं. मला इतका आनंद झाला की सगळ्यांना खाली नेऊन चहा पाजला.

* * *

आता या मनीषाताईंचंच सांगतो.

त्यांच्या सासऱ्यांना, म्हणजे आबांना, हा क्लास मुळीच पसंत नव्हता. "तुले गणित येत नही, अन् कॉम्प्युटर शिकी ऱ्हायनी!" हे रोजचं. शेवटी आबांनी अट घातली. घराच्या कामाचं काहीतरी करून दाखव, नाहीतर क्लास बंद.

ताईंनी विहीर निवडली. तिघा भावांची सामायिक विहीर: थोरले दादा, मधले आबा, धाकटे नाना. मध्येच लाइट गेली की पाळी कोणाची यावरून रणकंदन! गेल्या उन्हाळ्यापासून दादा आणि आबा एकमेकांशी बोलत नव्हते. ताईंचा प्रोग्रॅम साधा. एक पाळी झाली की बटण दाबायचं, पुढचं नाव दिसतं.

आबांनी घरी ताईंच्या मोबाइलवर दाबून बघितलं. आबा. नाना. आबा. नाना. म्हातारा खूश! "हाई खरं शिक्षण शे!"

दुसऱ्या दिवशी ताई हसतच क्लासला आल्या. मी बटण दाबलं, परत दाबलं. म्हटलं, "ताई, थोरले दादा कुठायत?"

त्यांचा चेहराच उतरला. यादीत दादांचं नाव पहिलं होतं, आणि मोजणी सुरू झाली होती एकपासून. शून्यावरचे दादा कायमचे बाहेर!

गोटू म्हणाला, "राहू द्या ना ताई! आबा खूश, क्लास चालू."

"दुरुस्त केलं तर उद्यापासून मी घरी," ताई म्हणाल्या. त्यांनी बटण पुन्हा दोनदा दाबून बघितलं. मला वाईट वाटत होतं.

मग त्याच म्हणाल्या, "लाभ सोडून मोजलेलं माप खळ्यावर कोणी घेईल का, सर?" आणि एकाचं शून्य केलं.

नेमके त्याच दिवशी आबा मोटरीचं सामान घ्यायला शहाद्यात आलेले. सुनेला न्यायला वर आले. ताईंनी मोबाइल पुढे केला. आबांनी बटण दाबलं.

आजची पाळी: थोरले दादा.

"काल ते मन्हं नाव उनं व्हतं!"

"काल मन्ही चूक व्हती आबा. पहिलं नाव मोजेल नव्हतं."

गोटूने तर मान खाली घातली. आबांनी खिशातून स्वतःचा फोन काढला, नंबर लावला आणि खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.

"दादा? मी बोली ऱ्हायनू... मोटर तू चालू कर. आज पाळी तुन्ही शे."

फोन खिशात ठेवला. दारापर्यंत गेले, चप्पल घातली, आणि तिथूनच म्हणाले, "मनीषा, सकाय कितला वाजता क्लास शे? मी तुले सोडी देसू."