बाजरीतून गेलेली रेघ

“सरळ. सरळच घ्या, रशीदभाई,” मी मॅडमच्या आवाजात म्हणालो, आणि चाचांनी जीप सरळ नेऊन बाजरीच्या तोंडाशी उभी केली.

बाजरी पुरुषभर उंच. कणसं भरत आलेली. टॅबवरची लाल रेघ मात्र त्या बाजरीतून बिनधास्त पलीकडं गेलेली.

“आता?” चाचांनी विचारलं.

आता काय, मला काय माहीत! पण आम्ही तिथं कशाला कडमडलो होतो ते आधी सांगतो.

आमची संस्था आष्टी तालुक्यात डोंगराकडच्या वस्त्यांसाठी जीप चालवते. ॲम्ब्युलन्स डांबरी रस्त्यापर्यंत येते. वस्तीपासून डांबरीपर्यंतचं मधलं अंतर आमचं. तिथं रस्ता म्हणजे बैलगाडीची चाकोरी, नाहीतर ओढ्याचं पात्र, नाहीतर कुणाचं तरी रान. आमचा जुना ड्रायव्हर रिटायर झाला आणि जाताना सगळ्या वाटा डोक्यात घेऊन गेला. त्याच्या जागी रशीदचाचा आले. ते चकलांब्याकडचे. गाडी अशी चालवतात की मागच्या पेशंटच्या हातातला चहा सांडायचा नाही. पण ह्या बाजूला नवे.

म्हणून मॅडम म्हणाल्या, जीपमध्ये नेव्हिगेशन बसवा. मॅडम म्हणजे आमच्या डॉक्टर. शिक्षण अंबाजोगाईला, बोलणं तोलूनमापून. आणि निवडायचं काम माझ्याकडं, कारण मी टेक्निकल असिस्टंट. म्हणजे प्रिंटरमधी कागद अडकला की मला हाक मारतात.

मला पाहिजे होता मूव्हिंग मॅप. सोपं आहे. कागदाचा नकाशा गप पडून राहतो, आपण बोट सरकवायचं. मूव्हिंग मॅपमध्ये आपली गाडी टिंब होऊन मध्ये थांबते आणि खालून नकाशा सरकतो. तोही ऑफलाइन, म्हणजे आधीच उतरवून ठेवलेला. कारण आमच्या डोंगरात नेटवर्क पाहुण्यासारखं येतं, चहा घेतं, जातं.

तीन सॉफ्टवेअर ट्रायलला घेतली. नावं मीच ठेवली. पहिली ‘बाई’. ती बोलते गोड, पण तिला फक्त डांबरी कळते. डांबरी सोडली की “यू टर्न घ्या, यू टर्न घ्या” करत रडायला लागते. दुसरा ‘फोटोग्राफर’. त्याच्यात उपग्रहानं वरून काढलेले फोटो. दिसायला लई भारी, पण फोटो कधी काढला ते सांगत नाही. तिसरा ‘तलाठी’. रूक्ष माणूस. नुसत्या रेघा. पण आपण ज्या वाटेनं गाडी नेतो ती वाट तो स्वतः रेकॉर्ड करून ठेवतो. ह्याला ट्रॅक म्हणतात. जुन्या ड्रायव्हरला मुद्दाम परत बोलावून त्याच्या शेजारी बसून मी उन्हाळाभर ट्रॅक भरून घेतले होते. लाल रेघ म्हणजे तेच.

आता राहिला आवाज. चाचांना मशीनच्या बाईचा आवाज खपेना. “कोण ही? हिला कधी क्लच दाबायला लागला का?” असं म्हणायचे आणि नेमके उलटे वळायचे. मग मी आयडिया केली. बाईचा आवाज म्यूट केला आणि तलाठ्याची रेघ बघून स्वतः सांगायला लागलो, मॅडमच्या आवाजात. “एक मिनिट, एक मिनिट. मला आधी हे सांगा, डावीकडे का वळला नाहीत?” चाचा खो-खो हसायचे, पण स्टेअरिंग गपचूप डावीकडं जायचं. आमच्या ऑफिसात त्या आवाजाचं न ऐकायची कुणाची टाप न्हाई.

तर त्या दुपारी आमची ट्रायल चालू होती आणि खऱ्या मॅडमचा फोन आला.

“एक मिनिट. कुठे आहात तुम्ही?”

सांगितलं.

“वरच्या वस्तीवर सविता म्हणून पेशंट आहे. कळा सुरू झाल्यात, तारखेच्या आधीच. पहिलं सिझर झालंय तिचं. घरी बाळंतपण अजिबात होऊ द्यायचं नाही, टाके उसवले तर दोन्ही जीव जातील. ॲम्ब्युलन्स डांबरीवर येऊन थांबतेय. तुम्ही सगळ्यात जवळ आहात. मला ती खाली आणून द्या.”

सविताच्या नवऱ्यानं, गोरखनं, लोकेशन पाठवलं. तलाठ्याकडं त्या वस्तीचा ट्रॅक होता. मी खूश. चाचांना म्हणालो, आज दाखवतोच हे काय चीज हाय. आणि मॅडमचा आवाज लावला.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. बाजरी.

चूक तिथंच लक्षात आली. आमच्याकडं उन्हाळ्यात रानं मोकळी असतात. जीप, बैलगाडी, मोटारसायकल, सगळे सरळ आडवे घालतात. शॉर्टकट. मालकसुद्धा काही म्हणत नाही, कारण तोही शेजाऱ्याच्या रानातून जातो. पेरणी झाली की ती वाट मरते. हे इथल्या शेंबड्या पोराला माहीत आहे. मलाही माहीत होतं. पण टॅबला कुणी सांगितलंच नव्हतं. माझे सगळे ट्रॅक उन्हाळ्यातले. सगळेच्या सगळे!

“बोला की, मॅडम,” चाचा म्हणाले. पण हसले नाहीत.

मी फोटोग्राफर उघडला. फोटोतही रान मोकळं, भुंडं. तोही उन्हाळ्याचाच. बाईला विचारलं. ती म्हणाली, यू टर्न घ्या. गोरखला फोन लावला, तर नेटवर्क चहा पिऊन निघून गेलेलं.

“बांधानं घालू का?” चाचा.

“काळं रान हाय, चाचा. कालचा पाऊस. रुतली तर आपल्यालाच उचलायला कोणी येणार न्हाई.”

“मग बाजरीतनं घालू? भरून देऊ नंतर.”

“खाली पण काळीच माती हाय.”

“मग कुठून? अबे, बाई तिकडं अडलीया. बोल!”

तोंड उघडलं तर आवाज आला माझाच. बारका, चिरका. “चाचा, मला माहीत न्हाई.”

चाचांनी इंजिन बंद केलं. माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, आता कानाखाली बसती.

“आत्ता खरं बोललास,” ते म्हणाले. “इतका वेळ मॅडम बोलत होत्या ना, मला वाटलं पक्कं माहीत हाय. डोळे झाकून आलो मी. आता तुझ्याच तोंडानं बोल. आन् किती माहीत हाय तेबी सांग.”

टॅबवर दोनदा भलतंच बटण दाबलं. सविता डोळ्यापुढं येत होती. मी तिला कधी बघितलं नव्हतं, तरी येत होती. शेवटी तलाठ्याची ती लाल रेघच बंद केली. रेघ गेली तेव्हा खालचा नकाशा दिसला. कॉन्टूर. ह्या बारीक तपकिरी रेघा सारख्या उंचीच्या जागा जोडतात. रेघा दाटीवाटीनं असल्या तर चढ, लांब लांब असल्या तर सपाट. आमच्या मागच्या बाजूला दाट रेघांच्या वर एक लांबट सपाट पट्टा होता. उंचावरचा, आणि थेट वस्तीच्या मागं उतरणारा.

असल्या जागेला आमच्याकडं बरड म्हणतात. मुरूम आणि दगड. तिथं कोणी पेरत नाही, शेळ्या चारतात. पेरलं नाही म्हणजे वाट मोकळी, मुरूम म्हणजे चाक रुतत नाही.

“चाचा, मागं घ्या. ओढ्याच्या आधी उजवीकडं वर चढायचं.”

“खात्री?”

“बारा आणे.”

चाचांनी जीप मागं घेतली. चढ असा की समोर नुसतं आभाळ दिसत होतं. वर पोचलो, मुरूम लागला, चाकाखाली करकर वाजलं. तो आवाज मला कधी एवढा गोड वाटला नव्हता.

“आता?”

“सरळ. बारा आणे.” थोडं पुढं गेल्यावर, “डावीकडं. आठ आणे.”

“आठच?”

“आठच, चाचा. रेघा दाटल्यात. कडा असू शकतो.”

आठ आणे म्हटल्यावर चाचांनी गाडी गोगलगायीवर आणली. बरंच झालं. वळणापुढं घळ होती, पावसानं कापलेली, नकाशात नसलेली. वेगात असतो तर आम्हाला आणायला दुसरी जीप लागली असती. वळसा घालून पुढं आलो आणि मी ओरडलोच.

समोरून बाज येत होती. चार गडी खांद्यावर घेऊन चाललेले, वर एकानं छत्री धरलेली, बाजूला सासू पळतेय. ओढ्याला पाणी आलं म्हणून त्यांनीही बरडच धरली होती.

“आवं, कुठं गेलता तुमी?” सासू जीप थांबायच्या आधीच सुरू. “पोरगी अर्धी झाली माझी!”

“बाजरी बघायला गेलतो, मावशी,” चाचा म्हणाले. “बसा, बसा लवकर.”

सविताला मागं झोपवलं. ती ओठ दाबून गप होती, आणि ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं. उतरताना मी एकही नक्कल केली नाही. नुसतं चाकाच्या खुणा बघून सांगत गेलो, “सोळा आणे. सोळा आणे.” कारण आता त्या वाटेनं आम्ही खरंच येऊन बसलो होतो. डांबरी दिसली, ॲम्ब्युलन्सचा दिवा दिसला, तेव्हा कुठं मी पाठ टेकवली. शर्ट पाठीला चिकटलेला.

संध्याकाळी फोन आला. दुसरं सिझर. मुलगी. दोघी ठीक.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी मीटिंग लावली. “मला आधी हे सांगा, कुठलं घ्यायचं?”

“तलाठी,” बाजरीपुढं कसे अडकलो ते सांगून मी म्हणालो. “म्हणजे तिसरं. त्यात ट्रॅकला रंग देता येतो. उन्हाळी वाट लाल, पावसाळी हिरवी. लाल रेघ पेरणीनंतर बंद ठेवायची. आणि पावसाळी ट्रॅक नवे भरायला लागतील, मी आणि चाचा भरतो.”

“आणि व्हॉइस? त्याला आवाज नाही म्हणे.”

चाचा मागून म्हणाले, “आवाज ह्याचाच ठेवा, मॅडम. मशीन खोटंबी तेवढ्याच जोरात बोलतं. हा घाबरला की मला आधीच कळतं, मी ब्रेकवर पाय ठेवतो.”

मॅडमनी मान डोलावली. सही केली. मग पेन खाली ठेवून माझ्याकडं बघितलं.

“एक मिनिट. बाजरीपर्यंत कुणाचा आवाज होता?”

मी चाचांकडं बघितलं. चाचा खिडकीबाहेर बघायला लागले.

आजही जीपमध्ये तलाठीच आहे. हिरव्या रेघा वाढतायत. आणि मी डावं-उजवं सांगतो ते माझ्याच चिरक्या आवाजात, आणे लावून. नव्या माणसानं नेव्हिगेशन निवडताना एवढंच बघावं, की मशीनला माहीत नसेल तेव्हा ते गप बसतं का.

मॅडमचा आवाज मी सोडलेला नाही. फक्त गाडी उभी असतानाच काढतो.