दोन बोटांएवढं तोंड

आईचा जबडा पहिल्यांदा निखळला तो हसताना. उचगावातल्या घरी तेव्हा आम्ही दोघीच होतो. वडील जाऊन वर्षही झालं नव्हतं. दुपारी निपाणीच्या मावशीचा फोन आला की आई गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं बोलायची आणि मी आत शाळेचे पेपर तपासत वैतागायचे. त्या दिवशी मावशीनं काय सांगितलं कोण जाणे, आई खदखदून हसली आणि हसू मध्येच तुटलं. बाहेर येऊन बघते तर तोंड सताड उघडं, हनुवटी पुढं आलेली, लाळ गळतेय, डोळ्यांत नुसती भीती. फोनवर मावशी "अक्का, काय झालं गं?" म्हणून ओरडत होती.

मला वाटलं, लकवा. रिक्षात घालून तिला राजारामपुरीतल्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी अंगठ्यांना कापड गुंडाळलं, ते आईच्या खालच्या दाढांवर ठेवले आणि जबडा आधी खाली, मग मागं दाबला. खट्ट आवाज झाला, तोंड मिटलं आणि आई रडायला लागली.

मग त्यांनी टेबलावरची प्लास्टिकची कवटी हातात घेऊन मला समजावलं. कानापुढं बोट ठेवून तोंड उघडलं की जे हलतं, तो हा सांधा. जबड्याच्या हाडाचं वरचं टोक खोबणीत फिरतं. मोठा आ केला की ते पुढं घसरतं, आणि मधली कुर्चेची चकतीही त्याच्यासोबत सरकते. खोबणीच्या पुढं एक उंचवटा असतो. टोक त्याच्या पलीकडं गेलं की चावायचे स्नायू आवळून धरतात आणि त्याला परत येऊ देत नाहीत. एकदा ताणलेला सांधा सैल राहिला तर हे पुन्हा पुन्हा होत राहतं. म्हणून काही दिवस डोक्यावरून हनुवटीखाली पट्टी, मऊ खाणं, आणि तोंड दोन बोटांपेक्षा जास्त उघडायचं नाही. पट्टीचं त्यांनी बजावून सांगितलं.

घरी येऊन आई पट्टीसकट कॉटवर आडवी झाली. गोळीनं तिचा डोळा लागला. संध्याकाळी गल्लीतली एक म्हातारी चौकशीला आली, तिनं दारातून आईला पाहिलं आणि तिथंच गळा काढला. तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. आमच्याकडं जबडा बांधतात तो माणूस गेल्यावर, तोंड उघडं राहू नये म्हणून. वडिलांचा आईनंच बांधला होता, त्यांच्याच टॉवेलची पट्टी फाडून. रडण्यानं आई जागी झाली तोवर दारात आणखी बायका जमलेल्या. तिनं डोक्याला हात लावला आणि पट्टी ओरबाडून काढली.

"जित्या माणसाला बांधत्यात व्हय?" ती म्हणाली. मी समजावलं, आवाज चढवला, शेवटी हात जोडले. "बांधशील की एकदा," ती म्हणाली. "तवा न्हाय म्हणायला मी असणार न्हाय."

त्यानंतर जबडा जांभईत निसटला, मग भाकरीचा घास घेताना. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन आहे, पण हिच्या हृदयाला भूल झेपणार नाही. त्यांनी मला जबडा बसवायला शिकवलं. ते काम मला अजिबात आवडत नाही. आईच्या तोंडात दोन्ही अंगठे घालून जोर लावायचा आणि तिनं मुकाट माझ्याकडं बघत राहायचं. मागच्या खेपेला तो बसेचना. तिचं अंग घामानं भिजलं होतं, आणि ही आता माझ्या हातातच जाते, असं मला वाटून गेलं.

तेव्हापासून मी तिच्या मागं लागले. तिनं तोंड उघडलं की मी म्हणायचे, "आई, दोन बोटं." दारातल्या भाजीवालीशी बोलताना, देवाजवळ पुटपुटताना, मला हाक मारतानासुद्धा. हळूहळू तिनं हाक मारणं सोडलं. आता काही हवं असलं तर ती वाटी वाजवते. घर इतकं गप्प झालंय की मला पेपर तपासायला बसवत नाही.

मावशीचा फोन आता माझ्याकडंच येतो. काल ती म्हणाली, "अक्काला फोन दिऊ नगंस बाई. माझं तोंड गप बसत न्हाय, ती हसंल आन् परत तसंच हुईल." आई शेजारीच बसली होती, फोनचा आवाज मोठा होता, तिनं सगळं ऐकलं.

फोन ठेवल्यावर ती माझ्याकडं वळली. हनुवटीला तळहात लावून, ओठ जेमतेम हलवत म्हणाली, "निखळलं तर निखळू दे. तू हाईस की बशिवायला. तिला फोन लाव."

माझ्या डोळ्यांपुढं तिचा तो घामेजलेला चेहरा आला. "उद्या लावू," मी म्हणाले.

आज दुपारभर ती फोनजवळ बसून होती. मी लावला नाही, आणि तिनंही परत म्हटलं नाही.